संघटित गुन्हेगारी, उत्तर कोकणातील

कायद्याने निषिद्ध केलेल्या अथवा कराच्या बोजामुळे महाग झालेल्या वस्तू व सेवा लोकांना सातत्याने पुरविण्यासाठी, तसेच धाकदपटशाने पैसा उकळण्यासाठी, अनेक व्यक्तींनी श्रमविभागणी करून दीर्घकाळ चालविलेल्या गुन्हेगारी व्यवसायास संघटित गुन्हेगारी म्हणतात. चोर व दरोडेखोर यांच्या टोळ्या सर्व काळी आढळतात; परंतु दरोडेखोराला गिऱ्हाईक नसते. संघटित गुन्हेगारीला ते असते, आणि हाच तिचा विशेष होय. तिला भांडवल, वाहतूक, साठवण, हिशेब व विश्वासू माणसे लागतात, आणि ज्यांनी तिला अटकाव करावयाचा त्यांच्यापैकी काहींची संमतीही लागते. संयुक्त राष्ट्रांच्या पालेर्मो येथील करारात (२०००) तीन अथवा अधिक व्यक्तींचा, काही काळ टिकणारा व आर्थिक लाभासाठी गंभीर गुन्हे करणारा गट अशी तिची व्याख्या केलेली असून भारताने ह्या करारास २०११ मध्ये अनुसमर्थन दिले.

सिसिलीतील माफिया, जपानमधील याकुझा, चीनमधील ट्रायड व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दारूच्या टोळ्या ह्यांविषयी विपुल लेखन झाले आहे. मुंबईतील टोळ्यांविषयीही वृत्तपत्रे व चित्रपट यांनी पुष्कळ सांगितले. तथापि मुंबईचा चोरटा माल ज्या वाटांनी शहरात आला, त्या किनाऱ्याचा विचार क्वचितच झाला. वसईच्या खाडीपासून दमणपर्यंतचा उत्तर कोकणचा पट्टा ही त्यांपैकी एक प्रमुख वाट होय. पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडणारा हा बहुतेक पट्टा १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

ह्या पट्ट्याची रचना सफाळे परिसरावरून चांगली ध्यानात येते. सफाळे हे पश्चिम रेल्वेच्या विरार–डहाणू मार्गावरील, मुंबईपासून सु. ७५ कि.मी. अंतरावरील स्थानक. दक्षिणेस वैतरणा नदीची रुंद खाडी, तिच्या मुखाशी अर्नाळ्याचा जलदुर्ग व उत्तर तीरावर दातिवरे. पश्चिमेस एडवण, केळवे, माहीम ही किनाऱ्यावरची गावे. पूर्वेस तांदूळवाडीच्या किल्ल्याची डोंगररांग व तिच्यापलीकडे मुंबई–अहमदाबाद महामार्ग. उथळ खाड्या, भरतीला होडी थेट गावाच्या पाठीशी नेणारे फाटे, खाजणातील तिवरांची झाडी, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि थोड्याच अंतरावर लोहमार्ग व हमरस्ता असा योग येथे जुळून आलेला आहे. भूगोलाने गुन्हा घडत नाही. एरवी ह्याच वाटांनी मासळी, भाजी व ताडी मुंबईला गेली. परंतु राज्यसंस्थेने एखाद्या वस्तूवर बंदी अथवा जबर कर बसविला, की त्या वस्तूलाही ह्याच वाटा उपलब्ध होत.

अशा वस्तूंपैकी पहिली मीठ व दुसरी दारू. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश मुलुखात दोन्हींवर भारी कर होते आणि पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमण हद्दीलगतच होते. २६ डिसेंबर १८७८ रोजी झालेल्या इंग्रज–पोर्तुगीज तहाने पोर्तुगीज प्रदेशातील मीठ व अबकारी यांची व्यवस्था ब्रिटिश धोरणाशी जुळती करण्यात आली, ह्यामागे सीमेवरील चोरटा व्यापार बंद पाडणे हा एक हेतू होता. हा तह १८९२ मध्ये संपुष्टात आला. दरम्यान १८७८ च्या मुंबई अबकारी अधिनियमाने दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क सरकारच्या पूर्ण नियंत्रणाखाली आणला. ताड-माडांवर झाडपट्टी वाढली. १८९२ च्या मोहाविषयीच्या कायद्यान्वये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. जंगलपट्टीतील वारली, कोकणा इ. आदिवासींच्या दृष्टीने मोहाचे फूल हे दुष्काळातील अन्न व सणावारांचे पेय होते. कालपर्यंत अंगणात होणारी गोष्ट ह्या कायद्यांनी गुन्हा ठरली. ह्यातून मोठ्या टोळ्या निर्माण झाल्या नाहीत. मात्र अबकारी शिपायाला चुकविणे अथवा त्याचा हात ओला करणे ही सवय गावोगाव रुजली. त्याच काळात (१८७१) सरकारने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविणारा कायदा केला आणि तो १९५२ पर्यंत टिकला. गुन्हेगारी व्यवसाय हा जातीच्या रक्तात नसून बाजारपेठेत असतो, हे पुढील इतिहासाने दाखवून दिले. परंतु त्या कायद्याने बसविलेला कलंक तो रद्द झाल्यावरही पुसला गेला नाही.

दारूबंदीने ह्या व्यवहाराचे प्रमाण बदलले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९२०–३३ ह्या काळात दारूबंदी असताना शिकागो, न्यूयॉर्क इ. शहरांतील टोळ्यांना अफाट पैसा मिळाला. शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन ह्याला अखेर १९३१ मध्ये शिक्षा झाली, तीही खुनाबद्दल नव्हे, तर प्राप्तिकर चुकविल्याबद्दल. हा अनुभव समोर असूनही मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी केली. मंत्रिमंडळाच्या राजीनाम्यानंतर ती बारगळली. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण बंदी आली. दारूच्या पायी उद्ध्वस्त झालेली कामगारांची घरे पाहता सुधारकांचा हेतू निःसंशय प्रामाणिक होता. मागणी मात्र कायम राहिली. शहरातील वस्त्यांत ‘आंटीचे अड्डे’ उघडले. गूळ, नवसागर व सडकी फळे यांपासून गाळलेली हातभट्टीची दारू सायकलच्या ट्यूबांत व फुग्यांत भरून शहरात येऊ लागली. भट्टीला गोडे पाणी, जळण व आडोसा लागतो. खाडीकाठची खाजणे व डोंगरकपारी ह्या दृष्टीने सोयीच्या होत्या. वरदराजन मुदलियार ह्याने धारावी–माटुंगा भागात याच धंद्यावर आपले साम्राज्य उभारले. एकोणीसशे साठनंतरच्या दशकात परवान्यांची पद्धत सैल झाली व बंदी नाममात्र उरली, तरी स्वस्त दारूची मागणी गरिबांमध्ये राहिलीच. जून २०१५ मध्ये मालाड येथील मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरांहून अधिक माणसे दगावली.

दारूबरोबरच मटका ह्या जुगाराचाही उल्लेख करावयास हवा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर लावलेल्या आकड्यांपासून तो निघाला व १९६० नंतर कल्याण भगत, रतन खत्री इत्यादींनी त्याला पत्ते काढण्याचे रूप दिले. गिरणगावातून तो लोकलगाडीबरोबर उपनगरांत व पुढे स्थानकांच्या गावी पोचला. मटक्याचे भांडवल म्हणजे जिंकणाऱ्याला बिनतक्रार पैसे मिळतात ही ख्याती. लेखी करार व न्यायालय उपलब्ध नसलेल्या धंद्यात विश्वास हाच माल असतो आणि तो मोडणाऱ्याला शासन करण्यासाठी हाणामारी करणारी माणसे पदरी बाळगावी लागतात. इटलीतील अभ्यासकांनी माफियाच्या मुळाशी हेच कारण दाखविले आहे : एकोणिसाव्या शतकातील सिसिलीत सरकारी न्याय दुबळा असल्याने लिंबांच्या बागांचे मालक संरक्षण विकत घेत, आणि संरक्षण विकणाराच पुढे त्या बागेला मुख्य धोका ठरे.

सोन्याची तस्करी : उत्तर कोकणच्या किनाऱ्याचे महत्त्व खऱ्या अर्थाने वाढविले ते सोन्याने. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे सोन्याची आयात रोखण्यात आली. देशात सोने फारसे निघत नाही. लग्नकार्यात त्याची गरज मात्र अटळ. आंतरराष्ट्रीय अधिकृत दर औंसाला ३५ डॉलर, म्हणजे १९६६ च्या अवमूल्यनापूर्वीच्या हिशेबाने तोळ्याला ६२ रुपये ५० पैसे होता. भारतातील बाजारभाव त्याच्या जवळजवळ दुप्पट असे. ह्या तफावतीतच सर्व तस्करीचे बीज आहे. दुबईत सोने आयात करणे पूर्णतः कायदेशीर होते, तेथे भारतीय रुपयाच चलनात होता. सोन्याच्या मोबदल्यात बाहेर गेलेले रुपये रिझर्व्ह बँकेकडे परत येऊन परकीय चलनाची गंगाजळी आटू लागली, तेव्हा १९५९ मध्ये आखाती देशांसाठी निराळ्या नोटा काढाव्या लागल्या. चीन युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम आले, नव्या दागिन्यांवर १४ कॅरटची मर्यादा घालण्यात आली व १९६८ मध्ये त्या नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला. ह्या उपायाने सोन्याचा सोस कमी होईल, ही अपेक्षा भाबडी ठरली. हजारो सोनार मात्र बेकार झाले.

ह्या व्यापाराची पद्धत ठरीव होती. सोने दहा तोळ्यांच्या, म्हणजे सु. ११६·६ ग्रॅ. वजनाच्या बिस्किटांच्या रूपात येई. शंभर बिस्किटांचे कप्पे शिवलेले जाकीट अंगात घातले, की साडेअकरा किग्रॅ.हून अधिक सोने दोन्ही हात मोकळे ठेवून वाहता येई. दुबईहून निघालेले गलबत किनाऱ्यापासून दूर समुद्रात थांबे. ठरलेल्या रात्री स्थानिक होड्या त्याला गाठत व भरतीच्या पाण्यावर माल उतरवीत. ह्या उतरवणीला किनाऱ्यावर ‘लँडिंग’ हा इंग्रजी शब्दच रूढ झाला. ह्याच काळात मासेमारी बोटींना यंत्रे बसली होती. वारा व भरती-ओहोटी जाणणारा, अंधारात खाडीचे मुख ओळखणारा खलाशी हा ह्या साखळीतील सर्वांत आवश्यक आणि सर्वांत कमी मोबदला मिळणारा दुवा. मासळीच्या भाकड दिवसांत एका रात्रीची मजुरी त्याला महिनाभराच्या कमाईइतकी वाटे; पकडला गेल्यास होडी जप्त होई, मालक मात्र कागदावर कोठेच नसे. माल वाहणाऱ्याला पाठविणाऱ्याचे नाव ठाऊक नसावे, हा ह्या धंद्याचा दंडकच होता. परतीच्या फेरीत चांदी बाहेर जाई. सोन्यामागोमाग घड्याळे, ट्रान्झिस्टर व कृत्रिम धाग्याचे कापड हा ‘फॉरेनचा माल’ येऊ लागला. बाजारात तो उघडपणे विकला जाई आणि प्रतिष्ठित घरांत कौतुकाने वापरला जाई. पैशाची फेड हुंडी व हवाला ह्या मार्गांनी होई. १९७३ नंतर आखातात नोकरीस गेलेल्या मजुरांची घरी पाठवावयाची रक्कम हवालावाल्याने तेथे परकीय चलनात घ्यावी, तिच्यातून सोने खरेदी व्हावे व घरी रुपये पोचते करावेत, असे चक्र त्यातून सुरू झाले.

दमण १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाले. तथापि तेथील जुने व्यापारी व सागरी संबंध तुटले नाहीत. दमणचा सुकुर नारायण बखिया हा ह्या पट्ट्यातील सर्वांत मोठा तस्कर मानला जाई. मुंबईत गोदीतील हमालीपासून वर चढलेला हाजी मस्तान (१९२६–९४) व पठाण टोळीचा करीम लाला ही नावे त्याच काळातील. मस्तानच्या आयुष्यावरून चित्रपटांना कथानके मिळाली आणि तस्कर हा गरिबांचा कैवारी असल्याचा समज पसरला. तस्कर हा शब्द संस्कृतात चोर ह्या अर्थाचा आहे, ह्याचे विस्मरण व्हावे इतका तो समज दृढ होता.

सरकारचे उपाय मागाहून येत गेले. १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमाने सोने, घड्याळे इ. वस्तू चोरट्या नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर टाकली. १९६९ च्या दुरुस्तीने किनाऱ्यालगतच्या पट्ट्यातील साठा व वाहतूक ह्यांवर नजर ठेवण्याचे अधिकार आले. तरीही खटल्यात मुख्य सूत्रधार सापडत नसे. म्हणून सप्टेंबर १९७४ मध्ये ‘मिसा’खाली व त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये परकीय चलन संरक्षण व तस्करी प्रतिबंध अधिनियमाखाली विनाचौकशी स्थानबद्धतेचा मार्ग पत्करण्यात आला. १९७६ मध्ये तस्करांची मालमत्ता सरकारजमा करण्याचा कायदा झाला. आणीबाणीत (१९७५–७७) अनेक बडे तस्कर राजकीय कैद्यांबरोबर तुरुंगात होते. सुटकेनंतर १९७७ मध्ये मस्तान व इतर काहींनी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर धंदा सोडण्याची शपथ घेतली. ह्या शपथेने तस्करी थांबली नाही. एक पिढी बाजूला होऊन दुसरी पुढे आली.

ही दुसरी पिढी अधिक हिंस्र होती. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि गिरणगावातील बेकार तरुणांचा पुरवठा टोळ्यांना झाला. दाऊद इब्राहिम, अरुण गवळी इत्यादींच्या टोळ्यांतील वैर ह्याच दशकातील. दाऊद दुबईस गेला व तेथून धंदा चालवू लागला. सोन्याबरोबर खंडणी हा उत्पन्नाचा मार्ग झाला. हप्ता म्हणजे आठवडा. सुपारी मंगलकार्याच्या आमंत्रणाची. ह्या साध्या शब्दांना बोलीभाषेत नवे भयप्रद अर्थ चिकटले.

मुंबई उत्तरेस वाढू लागली, तशी जमीन हीच तस्करीच्या मालासारखी मोलाची झाली. १९८८ च्या सुमारास वसई तालुक्यातील हजारो हेक्टर हरितपट्टा बांधकामास खुला करण्याचा शासनाचा निर्णय झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध चळवळ केली. पाणी, शेती व वाड्या वाचविणे हा तिचा हेतू असला, तरी जमिनींच्या व्यवहारांतील दहशतीलाही तिने वाचा फोडली. ऑक्टोबर १९८९ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाचा नालासोपारा रेल्वे स्थानकात दिवसाढवळ्या खून झाला. ज्या सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या एक नाव होते, तेथे सही करण्यासाठी माणसाला रात्री उठवून नेले जाते, ही भीती त्या काळी वसई परिसरात सर्वश्रुत होती.

किनाऱ्यावरील तस्करीचे अत्यंत भीषण फळ मात्र मुंबईच्या दक्षिणेस, रायगड जिल्ह्यात दिसले. जानेवारी–फेब्रुवारी १९९३ मध्ये दिघी व शेखाडी येथे शस्त्रे व आरडीएक्स ही स्फोटके उतरविण्यात आली. चांदी व सोने उतरविण्याचीच ही जुनी यंत्रणा होती : तेच उतरवून घेणारे दलाल, त्याच वाटा आणि मालाकडे डोळेझाक करण्याचा तोच दर. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या स्फोटांच्या मालिकेत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. ह्या खटल्यात सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील काही अधिकारी व कर्मचारीही दोषी ठरले. पेटीत काय आहे, हे विचारावयाचे नाही ही ज्याची सवय झाली, त्याला पेटीतील वस्तू बदलल्याचे कळत नाही. जुलै १९९३ मध्ये नेमलेल्या वोरा समितीने गुन्हेगार, राजकारणी व नोकरशहा ह्यांच्या साटेलोट्याकडे स्पष्ट शब्दांत लक्ष वेधले.

अमेरिकेने १९७० मध्ये, तर इटलीने १९८२ मध्ये टोळीचे सदस्यत्व अथवा तिचा कारभार हाच गुन्हा मानणारे कायदे केले. इटलीतील कायद्यासाठी पिओ ला तोर्रे हा संसदसदस्य व दाल्ला किएझा हा सेनानी ह्यांना प्राण गमवावे लागले. त्या कायद्याच्या आधारे खटला उभा करणारे फाल्कोने व बोर्सेल्लिनो हे न्यायदंडाधिकारी १९९२ मध्ये मारले गेले. महाराष्ट्राने १९९९ मध्ये महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, म्हणजे ‘मोक्का’, संमत केला. मागील दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल झालेल्या टोळीच्या अवैध कृत्यांना तो लागू होतो. पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली त्यात पुरावा ठरते व जामीन दुर्मिळ होतो. खंडणीखोर टोळ्यांची मुंबईवरील पकड त्यानंतर ढिली झाली हे खरे. पण त्याच काळातील पोलिसी चकमकींचाही त्यात वाटा होता आणि त्यांपैकी काही खोट्या असल्याचे न्यायालयांत सिद्ध झाले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत संघटित गुन्ह्याचे स्वतंत्र कलम आहे.

किनाऱ्यावरील सोन्याची वाट मात्र मुख्यतः अर्थधोरणाने बंद केली. १९९० मध्ये सुवर्णनियंत्रण कायदा रद्द झाला व १९९२ पासून प्रवाशांना शुल्क भरून सोने आणण्यास परवानगी मिळाली. भावांतील तफावत घटताच गलबतांना काम उरले नाही. २०१३ मध्ये आयातशुल्क १० टक्क्यांवर नेताच चोरटे सोने पुन्हा वाढले, ह्या वेळी विमानतळांवरून. टोळ्यांनी आपले भांडवल अन्यत्र गुंतविले होते. तारापूर–बोईसरसारख्या औद्योगिक वसाहतींमुळे रसायने व रसायनज्ञ ह्या भागात सुलभ झाले. बहुतेक कारखान्यांचा ह्याच्याशी संबंध नाही. तथापि ऑगस्ट २०२२ मध्ये नालासोपारा येथे सु. ७०० किग्रॅ. मेफेड्रोन हा अमली पदार्थ पकडला गेला. २०१५ मध्ये प्रतिबंधित पदार्थांच्या यादीत आलेल्या ह्या पदार्थाला समुद्रावरची वाट लागतच नाही.

सफाळे परिसराला सर्वांत जवळचा चोरटा व्यापार रेतीचा आहे. वैतरणेच्या खाडीत डुबी मारून, बादलीने रेती काढण्याचा धंदा जुना असून तो हाताने होई तोवर नदीने दरसाल आणलेल्या गाळाशी त्याचा मेळ राही. वसई–विरारच्या इमारतींची भूक वाढल्यावर सक्शन पंप आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गौण खनिजांसाठी पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी सक्तीची केली, हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये परवानगीविना उत्खननास देशभर मनाई केली. वैध रेती दुर्मिळ झाली व तिचा भाव चढला. दारू व सोने ह्यांच्या बाबतीत घडले तेच येथे घडले. रात्री पंप, पहाटे ट्रक, वाटेतल्या प्रत्येक नाक्याचा ठरलेला दर. महसूल संहितेत बाजारभावाच्या पाचपट दंडाची तरतूद आहे, तहसीलदार बोटी व पंप पेटवून वा बुडवून नष्ट करतात, तरी काही दिवसांत नवे पंप येतात. शासनाने २०२३ मध्ये ब्रासला ६०० रुपये दराने स्वतः रेती विकण्याचे धोरण आखले. ते टिकले नाही व २०२५ मध्ये पुन्हा लिलावाची पद्धत आली. झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले व अमली पदार्थांचे गुन्हेगार ह्यांना स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ मध्ये केलेल्या राज्याच्या कायद्याच्या शीर्षकात पुढे वाळू तस्कर हे शब्द घालण्यात आले.

वैतरणा व सफाळे ह्या स्थानकांच्या दरम्यान खाडीवर ९२ व ९३ क्रमांकांचे दोन रेल्वे पूल असून त्यांच्या मधोमध वाढीव हे पाण्याने वेढलेले गाव आहे. पश्चिम रेल्वेने मुंबईहून गुजरात व दिल्लीकडे जाणारी वाहतूक ह्या पुलांवरून होते. वाढीवच्या रहिवाशांना बाहेर पडण्यासाठी वर्षानुवर्षे ह्याच पुलांवरून पायी चालावे लागले व गाडीखाली सापडून काहींचे प्राण गेले. पुलांलगत उत्खननास मनाई असूनही रेती उपसली गेल्याने खांबांच्या तळाशी पात्र खोल होत आहे आणि गावाचे काठ भरतीबरोबर ढासळत आहेत.